चिचुंद्रीच्या विषाची तहकीकात

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राणिसृष्टीविषयीचा आपला विस्तीर्ण ग्रंथ सिद्ध करताना घोडे, खेचरे आणि इतर भारवाहक जनावरे यांच्या व्याधींचा परामर्श घेतला, तेव्हा त्या प्रकरणात त्याने एका यःकश्चित प्राण्यावर मोठा गंभीर आरोप नोंदवून ठेवला. चिचुंद्रीचा दंश घोड्यास आणि ओझ्याच्या इतर जनावरांस घातक असतो, दंशानंतर अंगावर फोड येतात, आणि दंश करणारी मादी त्या वेळी गाभण असेल तर ते फोड फुटून धोका अधिकच वाढतो, असे त्याचे विधान आहे. इतक्या तपशिलाने सांगितलेली गोष्ट पुढच्या ग्रंथकारांना वगळता येणे शक्यच नव्हते. विषारी प्राण्यांवर काव्य रचणाऱ्या निकँडरने तिला आपल्या यादीत स्थान दिले. रोमन विश्वकोशकार प्लिनीने इटलीतील चिचुंद्रीचा दंश विषारी असल्याचे सांगून, ॲपेनाइन पर्वताच्या पलीकडे हा प्राणी आढळत नाही अशी पुस्तीही जोडली. गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी ओलांडताना चिचुंद्री मरते ही समजूत त्यानेच लिहून ठेवली, आणि मग तिच्या दंशावर त्याच चाकोरीतील माती लावावी हा उपचार ओघाने आलाच.

ज्या प्राण्याविषयी हे सारे लिहिले गेले तो दिसायला उंदरासारखा असला, तरी उंदराशी त्याचे काही नाते नाही. उंदीर हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला, तर चिचुंद्री कीटकभक्षक, आणि तिचे जवळचे आप्त कोणी असतील तर ते जमिनीखाली बिळे कोरणारे मोल. लांब, सतत थरथरणारे मुस्कट, असून नसल्यासारखे डोळे, अणकुचीदार दातांची अखंड रांग आणि कधीच न शमणारी भूक ही या कुळाची लक्षणे. आपल्या घरांतून रात्री भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करीत धावणारी आणि मागे कस्तुरीसारखा उग्र दर्प ठेवून जाणारी चिचुंद्री याच कुळातली. तिने एकदा बाटलीवरून धाव घेतली की बुचासकट बंद असलेले मद्यही नासते, अशी हिंदुस्थानातील गोऱ्या साहेबलोकांची पक्की समजूत होती, आणि हिंदुस्थानच्या सस्तन प्राण्यांवरील आपल्या १८६७ च्या ग्रंथात जर्डनला तिच्याविषयी अविश्वास प्रकट करावा लागला. या कुळाच्या कपाळी प्रवाद पहिल्यापासूनच लिहिलेले आहेत.

प्राचीन मिसर देशात मात्र तिचा मान वेगळाच होता. तिथे चिचुंद्र्यांची शवे मसाल्यात घालून, पट्ट्यांनी गुंडाळून पुरली जात, आणि मेलेल्या चिचुंद्र्या व ससाणे बूटो नगरीला नेले जातात हे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. प्लूटार्कने याचे जे कारण सांगितले ते मोठे चमत्कारिक आहे: हा प्राणी आंधळा मानला गेला, आणि मिसरी लोकांच्या दृष्टीने अंधार हा प्रकाशाहून वडील असल्यामुळे तो पूज्य ठरला. यूरोपात मात्र हे पूज्यत्व पोहोचले नाही. तिथे पोहोचला तो केवळ आरोप. १६०७ साली एडवर्ड टॉपसेल या इंग्रज धर्मोपदेशकाने चतुष्पाद प्राण्यांवरचा आपला जाडजूड ग्रंथ छापला, त्यात चिचुंद्री ही गरीब असल्याचे सोंग आणणारी, परंतु हात लागताच खोल चावणारी आणि प्राणघातक विष भिनवणारी कपटी जात म्हणून रंगवली आहे.

ग्रंथांतून हा आरोप गावकऱ्यांच्या व्यवहारात उतरला, की गावकऱ्यांच्या व्यवहारातून ग्रंथांत चढला, हे ठरवण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. दोन्ही वाटा सदैव वाहत्या असतात. हँपशायर परगण्यातील सेलबोर्न या खेड्याचा निसर्गवृत्तांत लिहिणारा गिल्बर्ट व्हाइट याने आपल्या १७८९ च्या ग्रंथात त्या गावच्या एका जुनाट, पोकळ ॲश वृक्षाची हकीकत दिली आहे. गाय, घोडा किंवा मेंढी यांच्या अंगावरून चिचुंद्री नुसती सरपटत गेली तरी त्या जनावराचा तो अवयव लुळा पडतो अशी गावाची धारणा असल्यामुळे, या झाडाच्या खोडाला गिरमिटाने भोक पाडून त्यात जिवंत चिचुंद्री कोंबीत, काही मंत्र म्हणून ते भोक बुजवून टाकीत, आणि पुढे त्या झाडाची डहाळी दुखऱ्या जागेवरून फिरवली की जनावर बरे होते असे मानीत. चर्चनजीकच्या मोकळ्या जागेत उभा असलेला हा वृक्ष पूर्वीच्या एका व्हिकारने, जमलेल्या लोकांच्या विनवण्यांना न जुमानता, मुळासकट उपटून जाळून टाकला. व्हाइट स्वतः सुविद्य मनुष्य होता, आणि ही सारी समजूत तो अंधश्रद्धा म्हणूनच सांगतो. पण ती सांगताना झाडाचे स्थान आणि विधीचा क्रम टिपून ठेवण्याची जी काळजी त्याने घेतली आहे, ती पाहिली म्हणजे मूर्ख समजुतीचीही नोंद नीट ठेवावी हे शास्त्राचे शील त्याच्या अंगी किती मुरले होते ते कळते.

पुढील शतकातील विद्वानांना मात्र एवढी सबुरी नव्हती. चिचुंद्रीचे दात तपासले तर त्यांत सापाच्या दातासारखी नळी नाही, तिच्या तोंडात विषाची पिशवी नाही, आणि ज्यांच्या अंगावरून ती धावली ती जनावरे दुसऱ्याच रोगांनी लंगडतात, एवढे दिसल्यावर त्यांनी सगळा मुकदमा एका फटक्यात खारीज केला. सस्तन प्राणी आणि विष या दोन गोष्टी एकत्र नांदतात ही कल्पनाच त्या काळच्या पंडितांना अवघड जात असे. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस नराच्या मागच्या पायाचा काटा विषारी असल्याचे १८१७ च्या सुमारास इंग्लंडात कळवले गेले होते, तरी त्याविषयीची शंका पुरती फिटायला मार्टिन आणि टिडस्वेल या दोघांचे १८९५ चे प्रयोग व्हावे लागले. गावकऱ्यांची साक्ष अंशतः खोटी ठरली म्हणजे ती सर्वांशी खोटी ठरते, असा एक नियमच जणू त्या शतकाने करून ठेवला होता, आणि माझ्या मते चिचुंद्रीच्या बाबतीत झालेल्या सगळ्या विलंबाचे मूळ तेथेच आहे.

ज्या चिचुंद्रीमुळे हा खटला पुन्हा उभा राहिला ती यूरोपची नव्हे. अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडाच्या दक्षिण भागापासून अमेरिकेच्या पूर्वार्धातील अरण्यांतून थेट फ्लॉरिडापर्यंत, आखूड शेपटीच्या चिचुंद्र्यांची एक लहानशी बिरादरी नांदते, आणि ॲरिस्टॉटलला, प्लिनीला किंवा टॉपसेलला तिचे अस्तित्वही ठाऊक असणे शक्य नव्हते. शास्त्राच्या दफ्तरात तिची पहिली नोंद झाली ती एका लष्करी मोहिमेच्या आडून. मे १८१९ मध्ये मेजर स्टीफन लाँग याच्या आधिपत्याखाली अमेरिकन सरकारचे एक शोधपथक पिट्सबर्गहून निघाले. वेस्टर्न इंजिनीअर नावाच्या त्याच्या आगबोटीच्या नाळेवर सर्पाचे मस्तक कोरले होते आणि त्या सर्पाच्या तोंडातून वाफ बाहेर पडत असे. किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांवर दहशत बसावी हा त्यातला हेतू होता. मिसूरी नदीतून वर चढत जाऊन आजच्या नेब्रास्का संस्थानात या पथकाने हिवाळी छावणी टाकली. तेथून काही मैलांवर लष्कराचा मोठा तळ होता, आणि त्याच हिवाळ्यात त्या तळावर स्कर्व्हीच्या साथीत शंभरावर शिपाई दगावले.

अशा त्या कडाक्याच्या मुक्कामात पथकाचा प्राणिशास्त्रज्ञ टॉमस से आणि त्याचा सहायक, तरुण चित्रकार टिशन पील, हे दोघे हाताला लागेल तो प्राणी मोजीत, चितारीत आणि टिपून ठेवीत बसले. पीलने लांडगा धरण्यासाठी एक खड्डा खणला होता, त्यात लांडग्याऐवजी एक चिमुकली चिचुंद्री सापडली आणि ती नवी जात ठरली. त्याच छावणीच्या परिसरातील दुसरी, तिच्याहून अंगाने थोराड आणि पाटीच्या रंगाची, हीच आपल्या हकीकतीची नायिका. मोहिमेचा वृत्तांत १८२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात सेने तिच्या आखूड शेपटीवरून तिचे नामकरण केले. सरकारने पथक धाडले होते नद्या, डोंगर आणि दळणवळणाचे मार्ग पाहण्यासाठी, आणि मेजर लाँगने परतल्यावर जो प्रदेश शेतीला सर्वथा नालायक म्हणून वर्णिला त्यावर पुढे मक्याचे आणि गव्हाचे अफाट मळे पिकले. चिचुंद्रीच्या नोंदीत मात्र पुढे फारसे काही बदलावे लागले नाही.

यानंतरची पन्नाससाठ वर्षे वर्गीकरणात गेली. चार्ल्स्टन येथील लूथरपंथी धर्मगुरू जॉन बाकमन, ज्याच्या दोन मुली विख्यात पक्षिचित्रकार ऑड्युबनच्या दोन मुलांना दिल्या होत्या, त्याने १८३७ साली दक्षिणेकडची एक जात वेगळी काढली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रे याने पुढल्याच वर्षी या गटाला ब्लॅरिना हे नाव दिले. आणि १८९५ साली हार्ट मेरियमने साऱ्या नमुन्यांची फेरतपासणी करून फ्लॉरिडाच्या द्वीपकल्पातील प्रकार निराळा केला. आज या गटात सामान्यतः चार जाती मानल्या जातात.

याच मेरियमने १८८४ च्या सुमारास, ॲडिरॉन्डॅक पर्वतभागातील सस्तन प्राण्यांचे वर्णन करताना, एक प्रयोग सांगितला आहे. जिवंत धरलेल्या एका ब्लॅरिनाच्या पेटीत त्याने एक धट्टाकट्टा उंदीर सोडला. उंदीर उड्या मारून निसटत राहिला, चिचुंद्री नाकाने माग काढीत त्याच्या पाठीस लागली, आणि अखेरीस उंदीर थकून गलितगात्र झाला तेव्हा तिने त्याला ठार करून खाल्ले. मेरियमला या झुंजीत दिसली ती चिचुंद्रीची चिकाटी. त्याच्या नजरेचा दोष नव्हे; जी शक्यता शास्त्राने आधीच बाद करून टाकलेली असते ती डोळ्यांपुढे घडली तरी तिला नाव देणारा शब्द निरीक्षकाच्या ओठावर येत नाही.

ते धैर्य दाखवले मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन गावच्या चार्ल्स जॉन्सन मेनर्डने. १८४५ साली जन्मलेला हा मनुष्य कोणत्याही विद्यापीठाचा आश्रित नव्हता. पक्षी जमवणे, त्यांची कातडी भरून ठेवणे, बहामा बेटांवरील गोगलगायींचे शंख गोळा करून त्यांच्या जातींची वर्णने लिहिणे, आणि आपली पुस्तके व नियतकालिके आपणच छापून विकणे यावर त्याचा चरितार्थ चाले. स्वतःच्या अशाच एका नियतकालिकात १८८९ साली त्याने चिचुंद्रीच्या दंशाच्या विलक्षण परिणामांवर एक छोटासा लेख छापला, आणि त्यातील साक्षीदार, पुरावा व मुद्देमाल या तिन्ही ठिकाणी तो स्वतःच होता.

जिवंत चिचुंद्री नुसत्या हाताने धरताना तिने त्याचे दोन्ही हात चावले. जखमा इतक्या क्षुल्लक होत्या की कातडे जेमतेम फुटले होते, आणि उंदराच्या चाव्याइतकीही पर्वा करावी असे त्याला वाटले नाही. थोड्याच वेळात जखमेभोवती जळजळ सुरू झाली. मग ठिपक्यांएवढ्या त्या छिद्रांतून चारी दिशांना कळा धावू लागल्या, आणि अर्ध्या तासात त्या कोपरापर्यंत चढल्या. तासाभरात वेदना आणि सूज यांनी परमावधी गाठली. डाव्या हाताची जाडी जखमेपाशी जवळपास दुप्पट झाली. तीन दिवस त्या हाताने काही करू जावे तर असह्य वेदना होत, आठवडाभर श्रम केले की कळा उठत, आणि सूज पूर्ण ओसरायला पंधरवडा लागला. हे सारे मेनर्डने न्यायाधीशापुढे जबानी द्यावी तशा कोरड्या, क्रमवार भाषेत लिहून ठेवले आणि शेवटी एवढेच अनुमान काढले की या प्राण्याच्या लाळेत काही विष असले पाहिजे.

कोणत्याही मोठ्या संस्थेने हा लेख छापला असता तर त्याची चर्चा झाली असती. मेनर्डच्या नियतकालिकाचे वाचक मोजके, आणि त्यांतलेही बहुतेक शंखांचे आणि पक्ष्यांच्या अंड्यांचे शौकीन; त्यामुळे ही साक्ष दप्तरदाखल झाली आणि अर्धशतक तशीच पडून राहिली. मधल्या काळात ब्लॅरिनाच्या संसाराची माहिती मात्र वाढत होती. १९०७ साली शल याने लिहिले की ही चिचुंद्री जिवंत गोगलगायी गोळा करून त्यांचे ढीग रचते, आणि हवामानाच्या चढउताराप्रमाणे त्या बिळात आत किंवा तोंडाशी हलवते. साठा केलेला जीव पळून का जात नाही, हा प्रश्न गोगलगायीच्या बाबतीत फारसा उठत नाही. तो गांडुळे आणि किडे यांच्या बाबतीत उठायला हवा होता. पण तिकडे लक्ष जायला आणखी कित्येक वर्षे लागली.

१९४२ साली, अमेरिका महायुद्धात उतरून काही महिनेच झाले असताना, हार्वर्ड विद्यापीठातील ऑलिव्हर पिअर्सन या सव्वीस वर्षांच्या संशोधकाने ही फाईल पुन्हा उघडली. मेनर्डने आपला हात पुढे केला होता; पिअर्सनने प्रयोगशाळा पुढे केली. दंशाच्या जागी जे घडते ते केवळ दातांच्या घाणीमुळे, जंतूंमुळे, की खरोखर एखाद्या विषामुळे, हा त्याचा मूळ प्रश्न. आणि तो सोडवण्याची त्याची रीत इतकी सरळ होती की ती आधी कोणाला का सुचली नाही याचेच आश्चर्य वाटावे. त्याने ब्लॅरिनाच्या निरनिराळ्या ग्रंथी आणि ऊती वेगवेगळ्या कुटून त्यांचे अर्क काढले आणि ते उंदरांना टोचून पाहिले. कानाजवळच्या लाळग्रंथींचा अर्क निरुपद्रवी ठरला. इतर ऊतींच्या अर्कानेही काही झाले नाही. खालच्या जबड्याखालील ग्रंथींचा अर्क टोचताच मात्र उंदीर सुस्त झाले, श्वास अडखळू लागला, झटके आले आणि ते मेले. त्या ग्रंथीतही विषाचे नेमके आगर कोणते, हे सूक्ष्मदर्शकाखाली शोधताना काही नलिकांच्या कणीदार पेशींकडे त्याने बोट दाखवले. एका चिचुंद्रीच्या ग्रंथींतील विष सरळ शिरेत सोडले तर सुमारे दोनशे उंदरांना पुरेल असा त्याचा हिशेब होता.

या विषाला सापासारखी नळी लागत नाही. ग्रंथींची मुखे खालच्या जबड्याच्या पुढल्या दातांच्या मुळाशी उघडतात. ते दोन लांब दात एकमेकांना भिडून त्यांमध्ये एक पन्हळ तयार होते, आणि तिच्यातून ओघळणारी लाळ चावता चावता जखमेत मुरते. म्हणून ही चिचुंद्री एकदा चावून सोडून देत नाही. धरते आणि चावत राहते. ज्या शरीररचनेअभावी एकोणिसाव्या शतकाने तिला निर्दोष सोडले होते तिची तिला गरजच नव्हती. मेरियमच्या पेटीतील उंदीर थकला तो नुसत्या पळापळीने थकला, असे मग कोणी खात्रीने म्हणावे!

पिअर्सन पुढे कॅलिफोर्नियात बर्कली येथे प्राध्यापक झाला आणि तेथील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाचा संचालक म्हणूनही त्याने काम पाहिले. त्याचे आयुष्य अधिक करून दक्षिण अमेरिकेतील उंदरांच्या अभ्यासात गेले. विषाचा धागा हार्वर्डमध्येच दुसऱ्या हाती आला. १९५५ साली सिडनी एलिस आणि ऑटो क्रेयर या दोघा औषधशास्त्रज्ञांनी ब्लॅरिनाच्या विषाचे गुणधर्म सविस्तर तपासून प्रसिद्ध केले. यांतील क्रेयरविषयी दोन शब्द विषयांतर पत्करूनही लिहावेसे वाटतात. १९३३ साली जर्मनीत हिटलरची राजवट नुकतीच आली होती, आणि ड्यूसेलडॉर्फ येथील फिलिप एलिंगर या ज्यू प्राध्यापकाला बडतर्फ करून त्याचे अध्यासन क्रेयरला देऊ केले गेले. क्रेयर ज्यू नव्हता, महत्त्वाकांक्षेला साजेल असे ते पद होते, आणि गप्प राहून ते स्वीकारले असते तर त्याला कोणी जाब विचारला नसता. त्याने ते लेखी नाकारले, आणि ज्यू सहकाऱ्यांवरील कारवाई हा अन्याय आहे हे कारणही त्याच पत्रात नमूद केले. सरकारने त्याला विद्यापीठांची दारे बंद केली. लंडन आणि बैरूत असा प्रवास करीत तो हार्वर्डला पोहोचला, आणि तेथे त्याच्या टेबलावर ही चिचुंद्रीची ग्रंथी येऊन पडली.

विष आहे हे शाबीत झाले. ते कशासाठी आहे हा प्रश्न उरला. आपल्या अंगाहून मोठे भक्ष्य लोळवण्यासाठी, हे साधे उत्तर बराच काळ चालले. १९८१ साली मार्टिन याने (प्लॅटिपसवर प्रयोग करणारा मार्टिन निराळा) दाखवले की या विषाचा मोठा उपयोग भक्ष्य मारण्यात नसून न मारण्यात आहे. ब्लॅरिनाने चावलेल्या पिठातल्या अळ्या मेल्या नाहीत, हलेनाशा झाल्या, आणि तीन ते पाच दिवस तशाच जिवंत पडून राहिल्या. पुढच्या वर्षी रॉबिन्सन आणि ब्रॉडी यांनी बंदिस्त चिचुंद्र्यांची साठवण मोजली, तेव्हा पकडलेल्या भक्ष्यापैकी सुमारे ८७ टक्के कोठारात गेले, ९ टक्के जागीच फस्त झाले आणि उरलेले मारल्या जागी तसेच टाकले गेले असा हिशेब निघाला. ज्या प्राण्याचे वजन पंधरा ते तीस ग्रॅम, ज्याच्या देहाची भट्टी इतक्या वेगाने जळते की काही तास उपाशी राहणेही जिवावर बेतावे, आणि जो बर्फाच्या थराखालीही हिवाळाभर न झोपता हिंडत असतो, त्याला मेलेले आणि सडणारे अन्न पुरत नाही. त्याला ताजा शिधा लागतो, आणि जिवंत पण निश्चल किडा हा सर्वांत ताजा शिधा. कोठीत धान्याला कीड लागू नये म्हणून आपल्या घरांतून निंबाचा पाला घालतात, तसाच हाही टिकवणुकीचाच उपाय. फरक एवढा की येथे कीडच धान्य आहे.

इकडे यूरोपातही जुन्या आरोपाची रुजुवात घालण्याचे काम सुरू झाले होते. पोलंडमधील बियावोव्येझा या प्राचीन अरण्याच्या काठी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाची एक संस्था आहे. तेथील मिखालिना पुत्सेक हिने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत यूरोपीय पाणचिचुंद्रीच्या जबड्याखालील ग्रंथींचा अर्क प्रयोगशाळेतील प्राण्यांना टोचला, आणि तो विषारी असल्याचे निःसंशय दिसून आले. ओढ्याकाठी राहणारी, काळ्या पाठीची आणि पाण्यात बुडी मारून बेडूक व मासे धरणारी ही चिचुंद्री आता यूरोपची विषारी चिचुंद्री म्हणून मान्य आहे. यावरून ॲरिस्टॉटलचा आरोप सिद्ध झाला असे म्हणावे, तर घोड्याला किंवा खेचराला चिचुंद्रीच्या दंशाने फोड येऊन ते दगावल्याचा शास्त्रीय दाखला आजही नाही. गाभण मादीचा दंश अधिक घातक असतो याला आधार नाही, आणि चाकोरीत मरणाऱ्या चिचुंद्रीची गोष्ट तर निव्वळ कल्पित. सेलबोर्नच्या पोकळ वृक्षात कोंबल्या गेलेल्या साध्या चिचुंद्र्या बहुधा निरपराधच होत्या. तरीही कुळातील काही चिचुंद्र्यांच्या तोंडात विष असते, हा जो त्या साऱ्या भाकडकथांच्या तळाशी बसलेला एक दाणा, तो खरा निघाला, आणि दोन हजार वर्षे तो जतन केला तो पंडितांनी नव्हे, गुराख्यांनी आणि घोडेवाल्यांनी. माणसाच्या बाबतीत मेनर्डच्या सुजलेल्या हातापलीकडे गोष्ट जात नाही. ब्लॅरिनाच्या दंशाने माणूस मेल्याचे उदाहरण नाही.

विषाचा रासायनिक तपशील उलगडायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. २००४ साली जपानमधील नागोया विद्यापीठातील मासाकी किता, दाइसुके उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॅरिनाच्या लाळेतील प्राणघातक प्रथिन वेगळे काढून त्याला ब्लॅरिना टॉक्सिन असे नाव दिले. २५३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन मुळात एक वितंचक आहे. आपल्या स्वतःच्या शरीरातही कॅलिक्रीन नावाची त्याची भावंडे निरुपद्रवीपणे काम करीत असतात. चिचुंद्रीने त्यांच्यातल्याच एकाला थोडे फिरवून शस्त्र बनवले. ते रक्तातील एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे करून ब्रॅडिकिनिनसारखे पदार्थ मोकळे सोडते, त्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि सूज व वेदना उसळतात. मेनर्डच्या हाताला त्या दिवशी काय झाले असावे याचे रसायनशास्त्राच्या भाषेतील उत्तर एकशे पंधरा वर्षांनी मिळाले ते असे. याहून नवलाची गोष्ट पुढे २००९ साली हार्वर्डमधील संशोधकांनी दाखवली: मेक्सिकोतील विषारी मणेरी सरड्याचे विषही याच घराण्यातील वितंचकापासून निघालेले आहे, आणि चिचुंद्री व सरडा यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी विभक्त झालेले असूनही दोघांच्या विषात रेणूच्या त्याच भागाभोवती सारख्याच प्रकारचे फेरफार स्वतंत्रपणे घडून आले आहेत.

किड्यांना लुळे पाडणारा घटक मात्र याहून निराळा निघाला. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातील माउंट ॲलिसन विद्यापीठाचा जॅक स्टुअर्ट याने त्याच ग्रंथींतून चोपन्न अमिनो आम्लांची एक साखळी शोधून काढली आणि तिला सोरिसिडिन म्हटले. पेशीत कॅल्शियम शिरण्याची एक विशिष्ट वाट ती बंद करते, आणि काही कर्करोगांच्या पेशींत हीच वाट वाजवीपेक्षा जास्त रुंद उघडलेली असते, असे दिसून आल्यावर त्या साखळीचा एक लहानसा तुकडा औषध म्हणून तयार करण्यात आला. वाढलेल्या गाठींनी त्रस्त आणि इतर उपाय हरलेल्या थोड्या रुग्णांना तो टोचून पाहण्याची पहिली चाचणी झाली, आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या चाचणीत पाहायचे असते ते औषध सोसते की नाही एवढेच, आणि ते बहुतेकांना सोसले. ते रोग किती हटवते हे ठरवण्यासाठी अधिक रुग्ण, अधिक पैसा आणि अधिक वर्षे लागतात, आणि तेवढे होईपर्यंत ब्लॅरिनाचा हा दुसरा मुकदमा तहकूबच आहे.